'स्टार्स अँड बार्स' हे नाव नेमकं कोणत्या झेंड्याचं?

प्रश्न असा आला आहे. एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या यादवी युद्धावरच्या इंग्रजी लेखाचा अनुवाद चालू आहे. लेखासोबत झेंड्याचं चित्र आहे: लाल कापड, त्यावर तिरपी निळी फुली, फुलीत पांढरे तारे. चित्राखाली मूळ ओळ 'स्टार्स अँड बार्स'. अनुवादक बाईंनी त्याचं 'तारे आणि पट्टे' केलं. संपादक म्हणाले, हे तर आजच्या अमेरिकेच्या झेंड्याचं नाव झालं. मग बाईंना 'तारे आणि गज' सुचलं. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्यांचा झेंडा, तेव्हा 'बार' म्हणजे तुरुंगाचे गज असणार, असा त्यांचा अंदाज. यातलं बरोबर काय आणि हे नाव आलं कुठून, असं त्या विचारतात.

आधी थेट उत्तर देते. चूक तुमच्या अनुवादात नाही, चित्राखालच्या मूळ ओळीतच आहे. लाल कापडावर निळी फुली असलेला झेंडा 'स्टार्स अँड बार्स' नव्हेच. त्या नावाचा झेंडा वेगळा होता, त्यावर फुली नव्हती, आणि लांबून तो आजच्या अमेरिकी झेंड्यासारखा दिसायचा. तुमच्या चित्रातला झेंडा सैन्याने लढाईत वापरलेला, म्हणजे रणध्वज. आणि 'बार' म्हणजे गज नाहीत, आडवे रुंद पट्टे.

आता सविस्तर सांगते, कारण ही चूक अमेरिकेतही रोज होते आणि त्यामागे बराच इतिहास दडलाय.

मी वस्त्रसंवर्धनाचं काम करते. जुनं कापड आहे त्याहून जीर्ण होऊ नये म्हणून त्याची काळजी घ्यायची, हा माझा व्यवसाय. सव्वीस वर्षं झाली, त्यातली शेवटची पंधरा व्हर्जिनियात. इथे नवीन होते तेव्हा एका संग्रहालयात फुलीवाल्या झेंड्याची स्थिती-नोंद करताना मीही नावाच्या रकान्यात 'स्टार्स अँड बार्स' लिहिलं होतं. शेजारी काम करणाऱ्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी कागद वाचला, मला कपाटाशी नेलं आणि दोन सपाट खण ओढून शेजारी शेजारी उघडे ठेवले. एका खणात फुली. दुसऱ्या खणात तीन आडवे पट्टे, वर लाल, मध्ये पांढरा, खाली लाल. डाव्या वरच्या कोपऱ्यात निळा चौकोन आणि त्यात गोल करून बसवलेले तारे. "हा स्टार्स अँड बार्स," त्या म्हणाल्या. नोंद मी तिथेच उभ्याने दुरुस्त केली. ते दोन खण डोळ्यांपुढे ठेवूनच हे उत्तर लिहिते आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडची राज्यं १८६० च्या डिसेंबरपासून एकेक करून संघराज्यातून फुटायला लागली. पहिलं साउथ कॅरोलायना. फेब्रुवारी १८६१ मध्ये त्यांनी अलाबामातल्या मोंटगोमेरी शहरात जमून आपलं वेगळं राष्ट्र जाहीर केलं, कॉन्फेडरेट स्टेट्स ऑफ अमेरिका. ही राज्यं कशासाठी फुटली याबद्दल पुढे पुष्कळ गुळमुळीत बोललं गेलं. पण त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना शहरातल्या भाषणात साफ सांगितलं होतं की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची स्वाभाविक अवस्था आहे, या विचाराच्या कोनशिलेवर हे नवं राष्ट्र उभं आहे. झेंड्याची गोष्ट सांगताना हे बाजूला ठेवता येत नाही. का ते पुढे येईलच.

नव्या राष्ट्राला झेंडा हवा होता. त्यासाठी समिती नेमली, अध्यक्ष साउथ कॅरोलायनाचे विल्यम पोर्चर माइल्स. लोकांकडून नमुन्यांचा ढीग आला. त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं एकच: जुना झेंडा आपलाही होता, त्याची आठवण राहू द्या. माइल्स यांना स्वतःला जुन्या झेंड्याचं काही कौतुक नव्हतं, पण समितीने लोकभावनेपुढे मान तुकवली. ४ मार्च १८६१ रोजी, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये अब्राहम लिंकन शपथ घेत होते त्याच दिवशी, मोंटगोमेरीच्या विधानभवनावर नवा झेंडा चढला. तो चढवला लेटिशिया टायलर या तरुणीने. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांची ही नात. तारे सात होते. राज्यं वाढली तसे तारे वाढले आणि १८६१ संपेपर्यंत तेरा झाले. हा आराखडा कुणाचा यावर आजही दोन दावे आहेत. एक अलाबामात राहणाऱ्या निकोला मार्शल या प्रशियात जन्मलेल्या चित्रकाराचा, दुसरा नॉर्थ कॅरोलायनाच्या ऑरेन रँडॉल्फ स्मिथ यांचा.

आता नाव. गंमत अशी की समितीच्या अहवालात झेंड्याचं जे वर्णन आहे त्यात 'बार' हा शब्दच येत नाही. लाल मैदान (म्हणजे झेंड्याचं मूळ कापड), त्याच्या मधून आडवी जाणारी पांढरी जागा, तिची रुंदी झेंड्याच्या रुंदीच्या एकतृतीयांश, वरची आणि खालची लाल जागा तेवढीच, अशी सरळ कामकाजी भाषा आहे. पट्ट्याला तिथे नुसतं 'जागा' म्हटलंय. म्हणजे 'स्टार्स अँड बार्स' हे टोपणनाव, लोकांनी दिलेलं. ते का चिकटलं हे समजायला जुन्या झेंड्याचं लाडकं नाव आठवायला हवं: 'स्टार्स अँड स्ट्राइप्स'. चाल तीच, पहिला शब्द तोच, दुसरा फक्त बदलला. नव्या झेंड्याने जुन्याचं रूप उचललं तशी नव्या नावाने जुन्या नावाची लय उचलली.

'बार' हाच शब्द का, याला जोड मिळते ती ढालींवरच्या कुलचिन्हांच्या जुन्या युरोपीय शास्त्राची. त्यात ढालीवरून आडव्या जाणाऱ्या पट्ट्याला बार म्हणतात. उभा असेल तर पेल, तिरपा असेल तर बेंड, आणि दोन तिरपे एकमेकांना छेदून फुली झाली तर सॉल्टायर. प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. या हिशेबाने 'बार' हे नाव फुलीवाल्या झेंड्याला लागूच पडत नाही.

मराठीत यासाठी फार सुरेख सोय आहे आणि ती तुमच्या कामाची आहे. आपल्याकडे सुरा मोठा, सुरी लहान. गाडा मोठा, गाडी लहान. तसा पट्टा रुंद आणि पट्टी अरुंद. अमेरिकेच्या झेंड्यावर तेरा बारीक 'स्ट्राइप्स' आहेत, त्या खरं तर पट्ट्या. मोंटगोमेरीच्या झेंड्यावर तीनच रुंद 'बार्स' होते, ते पट्टे. पण मराठी वर्तमानपत्रांनी अमेरिकेच्या झेंड्याला 'तारे आणि पट्टे' म्हणून टाकलंय आणि ते रुळलंय. म्हणून तुमच्या संपादकांचा आक्षेप योग्य होता. शब्दशः तुमचंही चूक नव्हतं. वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र भलताच झेंडा आला असता.

आणि नेमकं तेच, भलताच झेंडा दिसणं, या झेंड्याच्या मुळावर आलं.

२१ जुलै १८६१. व्हर्जिनियात मॅनॅससजवळ, बुल रन नावाच्या ओढ्याकाठी पहिली मोठी लढाई झाली. उन्हाळ्याचे दिवस, वारा पडलेला, धूर आणि धूळ. दुपार कलताना दक्षिणेचे सेनापती ब्यूरेगार्ड यांना डाव्या अंगाने एक तुकडी येताना दिसली. तिचा झेंडा काठीला लोंबत होता. लाल, पांढरा आणि निळा एवढंच कळत होतं, आणि ते तर दोन्हीकडे सारखंच. ही शत्रूची कुमक असेल तर हातची लढाई जाणार होती. ब्यूरेगार्ड यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की, तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, कापड उलगडलं आणि ती जुबल अर्ली यांची आपलीच तुकडी आहे हे दिसलं. लढाई दक्षिणेने जिंकली, पण आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या जाण्याची भीती सगळ्यांच्या मनात बसली. ब्यूरेगार्ड आणि दक्षिणेचे दुसरे सेनापती जोसेफ जॉन्स्टन यांनी ठरवलं की राष्ट्रध्वज काही असो, रणांगणावर ओळखू येईल असा वेगळा झेंडा पाहिजे.

इथे पुन्हा माइल्स येतात. मार्चमध्ये त्यांनी स्वतःचा एक आराखडा समितीपुढे ठेवला होता: लाल मैदान, निळी फुली, त्यात तारे. समितीतल्या एकाने तो पाहून म्हटलं होतं की हे विजारीच्या गॅलिससारखं दिसतंय. पाठीवर तिरपे जाणारे दोन पट्टे आठवा, म्हणजे तो काय म्हणत होता ते कळेल. तेव्हा बाजूला पडलेला तो आराखडा माइल्स यांनी आता ब्यूरेगार्डना पाठवला.

ही फुली तिरपी का झाली याचं कारण मला नेहमी विशेष वाटतं. माइल्स यांच्या आधीच्या विचारात क्रॉस उभा-आडवा होता, साउथ कॅरोलायनाच्या एका झेंड्यावर असायचा तसा. तेव्हा चार्ल्स मोइझ या दक्षिणेतल्याच ज्यू गृहस्थांनी त्यांना पत्र लिहून विनंती केली की एका धर्माचं चिन्ह साऱ्या राष्ट्राचं चिन्ह करू नका. माइल्सना ते पटलं आणि त्यांनी क्रॉस तिरपा केला. तिरपी फुली ही चर्चमधली खूण कमी आणि ढालीवरची जास्त, असं त्यांचं म्हणणं. आज लोक तिला 'सेंट अँड्र्यूचा क्रॉस' म्हणतात, कारण स्कॉटलंडच्या झेंड्यावर तशीच तिरपी फुली त्या संताच्या नावाने आहे. म्हणजे ज्याने धर्मचिन्ह टाळण्यासाठी फुली फिरवली, त्याच्याच झेंड्याला लोकांनी संताचं नाव देऊन टाकलं.

जॉन्स्टन यांनी आणखी एक सुचवलं: झेंडा आयताकृती नको, चौकोनी करा. कापड कमी लागतं आणि हाताळायला सोपा. पायदळासाठी चार फूट, तोफखान्यासाठी तीन, घोडदळासाठी अडीच फूट बाजूचा. पहिले नमुने दक्षिणेच्या राजधानीत, व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये, हेटी आणि जेनी कॅरी या बहिणी आणि त्यांची चुलतबहीण कॉन्स्टन्स यांनी रेशमात शिवले. सैन्यासाठी पहिली खेप शिवायची वेळ आली तेव्हा पुरेसं लाल रेशीम बाजारात नव्हतं, तेव्हा बायकांच्या पोशाखांसाठीचं गुलाबी रेशीम वापरलं गेलं. २८ नोव्हेंबर १८६१ रोजी सेंटरविल इथल्या तळावर पलटणींना जे रणध्वज दिले त्यातले कित्येक गुलाबी छटेचे होते.

रेशीम पावसापाण्यात टिकत नाही. म्हणून पुढे 'बंटिंग' आलं. बंटिंग म्हणजे लोकरीच्या पिळदार सुताचं विरळ विणलेलं कापड, जहाजांच्या झेंड्यांसाठी वापरतात ते. ओलं झालं तरी लवकर सुकतं, हलकं असल्याने मंद वाऱ्यावरही उडतं. सुरुवातीला ते नॉरफोकजवळच्या आरमारी गोदीतून हाती लागलं, नंतर उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची केलेली नाकेबंदी चुकवून इंग्लंडहून येई. जगाला कापूस पुरवणाऱ्या मुलखाला आपल्या झेंड्याचं कापड बाहेरून आणावं लागत होतं. आणि त्याच नाकेबंदीमुळे दक्षिणेचा कापूस इंग्लंडला पोचेना, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडच्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाकडे मोर्चा वळवला. मुंबईत त्या चार वर्षांत आलेली तेजी, कापसाचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद, समुद्रात भराव घालणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळलेला बाजार, हे सगळं या झेंड्यांच्या मागच्या बाजूचं विणकाम आहे. तुमच्या लेखात जागा असेल तर हा धागा जरूर घाला. मराठी वाचकाला ते युद्ध तिथून जवळचं वाटेल.

एक बंटिंगचा रणध्वज माझ्या टेबलावर सलग पाच आठवडे होता. तांबडं लोकरी मैदान, निळी लोकरी फुली, फुलीच्या दोन्ही कडांना बोटभर पांढरी सुती पट्टी, आणि तेरा सुती तारे. कसर लोकर खाते, कापसाला सहसा तोंड लावत नाही. त्यामुळे मैदान भोकाभोकांचं झालं होतं, निळ्या फुलीचा एक हात जवळजवळ नाहीसा, आणि तारे मात्र शाबूत. काही ठिकाणी तर मागचं कापड गेलेलं, फक्त ताऱ्याची पाच टोकं जाळीवर तरंगत होती. भिंगातून टाके मोजले तर एका ताऱ्याचे टाके बारीक आणि एकसारखे, शेजारच्याचे लांब आणि घाईचे. दोन वेगळ्या हातांचं काम. शिवणारी माणसं कोण होती याची नोंद त्या झेंड्यासोबत नव्हती. त्या कापडावर मी तासन्तास वाकून काम केलं आणि तो झेंडा कशासाठी लढला हेही त्या वेळी डोक्यातून जात नव्हतं. दोन्ही एकदम मनात ठेवावं लागतं, त्याशिवाय हे काम होत नाही.

या रणध्वजाचं त्या काळातलं आवडतं नाव 'सदर्न क्रॉस', दक्षिणेचा क्रॉस. नाव घेतलं दक्षिण आकाशातल्या तारकासमूहावरून, ज्याला आपण त्रिशंकू म्हणतो. यात एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. वैशाखाच्या रात्री कोकणच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला समुद्रालगत त्रिशंकू स्वच्छ दिसतो. रिचमंडमधून तो कधीच क्षितिजावर येत नाही. फ्लोरिडा आणि टेक्ससची दक्षिणेकडची टोकं सोडली तर या झेंड्याखाली लढणाऱ्या बहुतेक मुलखातून तो तारकासमूह दिसत नव्हता. नाव सुंदर होतं, पण ते ज्याच्यावरून घेतलं ते आकाश त्यांच्या डोक्यावर नव्हतं.

इकडे राष्ट्रध्वज म्हणून 'स्टार्स अँड बार्स' चालूच होता, आणि त्याच्यावर नाराजीही वाढत होती. लढाई ज्यांच्याशी त्यांच्याच झेंड्याची नक्कल का, असं दक्षिणेतली वर्तमानपत्रं विचारत होती. अखेर १ मे १८६३ रोजी कॉन्फेडरेट काँग्रेसने दुसरा राष्ट्रध्वज ठरवला. अख्खा पांढरा, आणि कोपऱ्यात रणध्वजाची फुली. याचं टोपणनाव 'स्टेनलेस बॅनर', म्हणजे निष्कलंक ध्वज. त्या महिन्यात सेनापती स्टोनवॉल जॅक्सन यांचं निधन झालं, त्यांच्या शवपेटीवर हाच ध्वज पांघरला होता.

'निष्कलंक' हा शब्द वाचताना पावित्र्य, शुद्ध हेतू असं काहीतरी मनात येतं. पण पांढऱ्या रंगाचा जोरात पुरस्कार करणाऱ्या एकाने त्याचा अर्थ लपवलेला नव्हता. सव्हानाच्या वर्तमानपत्राचे संपादक विल्यम थॉम्पसन यांनी एप्रिल १८६३ मध्ये लिहिलं की, आपण गोऱ्या माणसाचं ईश्वरदत्त श्रेष्ठत्व टिकवण्यासाठी लढतो आहोत, म्हणून पांढरा झेंडाच आपल्या ध्येयाचं प्रतीक ठरेल. त्यांनी त्याला 'गोऱ्या माणसाचा झेंडा' असंच म्हटलं. काँग्रेसमधल्या प्रत्येकाच्या मनात हेच होतं असं मी म्हणणार नाही. पण झेंड्याच्या नावाचा अर्थ विचारला की मी हा मजकूर सांगितल्याशिवाय राहत नाही. 'हा फक्त वारसा आहे' असं ऐकवणाऱ्यांना मी तो अनेकदा वाचून दाखवला आहे.

पांढऱ्या झेंड्याची व्यावहारिक अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल. वारा पडला की फुली घडीत जायची आणि दिसायचं फक्त पांढरं कापड, म्हणजे शरणागतीची खूण. मग ४ मार्च १८६५ रोजी तिसरा राष्ट्रध्वज झाला, मेजर आर्थर रॉजर्स यांच्या आराखड्यावरून. पांढऱ्याच्या बाहेरच्या कडेला उभा लाल पट्टा जोडला. त्याला पुढे 'ब्लड-स्टेन्ड बॅनर', रक्ताने माखलेला ध्वज, म्हणू लागले. आणि इथे एक बारकावा आहे. या कायद्याच्या मजकुरात 'बार' हा शब्द खरोखर आहे, त्या लाल पट्ट्यासाठी. पण हा पट्टा उभा, ज्याला ढालींच्या शास्त्रात पेल म्हणतात. ज्याला लोक 'बार्स' म्हणत होते त्याच्या वर्णनात तो शब्द नाही, आणि जिथे शब्द आहे तिथे पट्टा भलत्याच दिशेचा. तो ध्वज ठरल्यापासून छत्तिसाव्या दिवशी, ९ एप्रिलला, दक्षिणेचे सरसेनापती जनरल ली यांनी व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्सला शरणागती पत्करली. त्यामुळे फार थोडे शिवले गेले.

मग फुलीला 'स्टार्स अँड बार्स' कधीपासून म्हणायला लागले? ही चूक कुणी एकाने केलेली नाही, हळूहळू झिरपलेली आहे. युद्धानंतर माजी सैनिकांच्या मेळाव्यांत, स्मारकांवर, मिरवणुकांत जो झेंडा फडकत राहिला तो पहिला राष्ट्रध्वज नव्हता, रणध्वज होता. सैनिक ज्याच्याखाली लढले त्याचीच आठवण त्यांनी ठेवली. तीन पट्ट्यांचा झेंडा पेट्यांत आणि कपाटांत गेला, लोकांच्या नजरेतून गेला. नाव मात्र बोलण्यात राहिलं, कारण ते जिभेवर सहज येतं. मालक हरवलेलं नाव समोर दिसणाऱ्या झेंड्याला चिकटलं. आणि फुलीकडे पाहिलं तर त्यात तारे आहेत, दोन तिरप्या पट्ट्यांसारखंही काही आहे, तेव्हा ऐकणाऱ्यालाही खटकलं नाही. आपल्याकडे कुणी प्रत्येक भगव्याला जरीपटका म्हटलं तर आपण लगेच थांबवू, कारण दोन्ही डोळ्यांपुढे आहेत. तिथे एक डोळ्यांपुढून गेला होता.

या चुकीचे परिणाम वाटतात तेवढे किरकोळ नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर, वर्णभेद मोडायची चळवळ जोर धरू लागली तेव्हा, फुलीचा झेंडा तिच्या विरोधकांनी उचलला. १९४८ मध्ये फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या डेमोक्रॅट गटाच्या सभांत तो होता. शाळांमधलं वर्णविभाजन बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा, आणि १९५६ मध्ये जॉर्जियाने आपल्या राज्यध्वजात ही फुली घातली. १७ जून २०१५ रोजी साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. मारेकऱ्याची या झेंड्यासह काढलेली छायाचित्रं बाहेर आली, आणि १० जुलैला साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनाच्या आवारातून झेंडा उतरवला गेला. मिसिसिपीने १८९४ पासूनचा फुलीवाला राज्यध्वज २०२० मध्ये काढून टाकला.

जॉर्जियाची गोष्ट इथे संपत नाही. २००१ मध्ये त्यांनी फुली काढली, २००३ मध्ये पुन्हा नवा राज्यध्वज केला: लाल, पांढरा, लाल असे तीन आडवे पट्टे, कोपऱ्यात निळा चौकोन, त्यात राज्यचिन्हाभोवती तेरा तारे. ओळखलंत? खराखुरा 'स्टार्स अँड बार्स', वर राज्याचं चिन्ह. अटलांटात राहणारी मराठी कुटुंबं रोज सरकारी इमारतींवर तो पाहतात. माझी एक मैत्रीण तिथे अठरा वर्षं आहे, तिला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. नाव भलत्या झेंड्याला लावल्याने हेच होतं: ज्याला नाव दिलं त्यावर वाद होतो, आणि ज्याचं नाव आहे तो कुणाच्या लक्षात न येता खांबावर राहतो.

आता तुमच्या पानाकडे वळते. चित्रात फुलीवाला झेंडा असेल तर ओळ अशी द्या: 'कॉन्फेडरेट सैन्याचा रणध्वज'. एवढं पुरे. चित्र नीट पाहा. चौकोनी असेल तर तो व्हर्जिनियात लढलेल्या, पुढे जनरल ली यांच्या हाताखाली आलेल्या सैन्याच्या पद्धतीचा. आज टी-शर्टांवर आणि गाड्यांवर दिसतो तो आयताकृती; तसा आकार १८६३ नंतर आरमाराच्या निशाणाचा आणि १८६४ मध्ये टेनेसीच्या सैन्याच्या झेंड्यांचा होता. त्यामुळे आयताकृती चित्राखाली 'जनरल ली यांच्या सैन्याचा झेंडा' असं लिहू नका. 'कॉन्फेडरेट राष्ट्रध्वज' असंही लिहू नका. ही फुली एकटी कधीच राष्ट्रध्वज नव्हती, दुसऱ्या आणि तिसऱ्या राष्ट्रध्वजाच्या कोपऱ्यात मात्र होती.

लेखाच्या मजकुरात 'स्टार्स अँड बार्स' येत असेल तर आधी पाहा की लेखक कोणत्या झेंड्याबद्दल बोलतोय. १८६१ च्या मोंटगोमेरीबद्दल, युद्धाला जिथे तोंड फुटलं त्या फोर्ट समटर किल्ल्याबद्दल किंवा मॅनॅससच्या गोंधळाबद्दल असेल तर नाव बरोबर आहे. तिथे 'स्टार्स अँड बार्स' देवनागरीत तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला जोडून लिहा: 'तीन रुंद आडव्या पट्ट्यांचा पहिला कॉन्फेडरेट राष्ट्रध्वज'. अमेरिकेच्या झेंड्यासाठी तुमचे 'तारे आणि पट्टे' राहू द्या, रुळलेलं आहे. 'गज' काढून टाका. त्यामागची तुमची भावना मला समजते, पण झेंडा करणाऱ्यांच्या मनात तुरुंग नव्हता, ज्यांना बांधून ठेवलं होतं त्यांना त्यांनी मोजलंच नव्हतं. आणि मूळ लेखकाने चूक केलीये अशा जागी अनुवादात गुपचूप दुरुस्त करू नका, पानाखाली एक ओळीची टीप द्या आणि संपादकांना कळवा. अंक छापायला जायच्या आधी चित्र आणि ओळ मला पाठवलीत तर मी एकदा नजर टाकीन.